उपराष्ट्रपतीच्या उमेदवाराचं कपाळ

तार्हेलिया साइलेमाच्या घरात माणसांपेक्षा तोंडं जास्त होती. आढ्यापासून खाली सोडलेल्या दोऱ्यांवर ती ओळीनं वाळत असत. डोळ्यांच्या जागी भोकं आणि ओठ जरासे उघडे, काहीतरी सांगता सांगता विसरल्यासारखे. तिलिपांबा गावाचं धुकं दुपार कलली की डोंगरावरून उतरतं आणि कुणाच्या घरात शिरताना परवानगी मागत नाही. ते तिच्या माजघरात आलं की कागदाची ती सगळी मंडळी हळूहळू माना डोलवू लागत. तार्हेलियाला त्यांची सोबत वाटे. निदान कुणी सल्ला देत नसे.

डिसेंबर संपताना सगळं इक्वेडोर सरत्या वर्षाचे पुतळे जाळतं. पुतळ्याचं धड कुणीही शिवतं: जुनी विजार, उसवलेला कोट, आत लाकडाचा भुसा. तोंड मात्र मुखवटेवालीकडूनच आणावं लागतं, कारण आपण कुणाला जाळतोय हे बघणाऱ्याला कळायला हवं. तार्हेलियाच्या हातून असे पुष्कळ राष्ट्रपती गेले होते. एका वर्षी तर साचा वाळायच्या आत माणूस बदलला. तिनं त्याच साच्याला मिशा चिकटवून नवा राष्ट्रपती काढला आणि गावानं तो समाधानानं जाळला. उपराष्ट्रपती मात्र तिनं जन्मात एकही केला नव्हता. त्याला गिऱ्हाईकच नव्हतं.

रोज चार वाजता दवाखाना बंद करून डॉक्टर एउदोरो विल्यासीस तिच्याकडे कॉफीला येत. डॉक्टर म्हणजे गावाचे दातांचे डॉक्टर. विधुर, उंच, खांद्यात वाकलेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे बघणारे. तार्हेलियाची मुलगी मारिबेल तान्ही होती तेव्हा बाप्तिस्म्याला त्यांनीच तिला हातावर धरलं होतं. त्या दिवसापासून ते मुलीचे धर्मपिता आणि तार्हेलियाचे कोम्पाद्रे झाले. ती त्यांची कोमाद्रे. हे नातं रक्ताच्या नात्याहून कडक. भावाबहिणीनं भांडलं तर चालतं. कोम्पाद्रे-कोमाद्रेनं भांडायचंही नसतं, आणि भांडणाच्या उलट जे काही असतं ते तर मनातसुद्धा आणायचं नसतं.

पुढे मारिबेल स्पेनला गेली. तार्हेलियाचा नवरा घाटातल्या एका वळणावर बससकट गेला. डॉक्टरांची बायको अंथरुणात हळूहळू विझली. कॉफी तेवढी राहिली. कोम्पाद्रे पेपर मोठ्यानं वाचत, कोमाद्रे खळीत कागद भिजवे. वाचन निधनवार्तांपर्यंत पोचलं की ती म्हणे, "बास. उरलेले उद्या मरू देत."

अशाच एका दुपारी इंजिनिअर वाल्तेर प्लुआसची दाढ आली.

प्लुआस हा किनाऱ्यावरचा माणूस, केळीच्या बागांचा धनी, राष्ट्रपतिपदाचा उमेदवार. किनाऱ्यावरच्या उमेदवारानं जोडीला डोंगरावरचा माणूस घ्यायचा आणि डोंगरावरच्यानं किनाऱ्यावरचा, ही आमच्याकडची जुनी रीत. मतपत्रिकेवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापतात, लग्नाच्या फोटोसारखे, आणि रेघ एकच मारायची असते. एकाला हो आणि दुसऱ्याला नको, असं करता येत नाही. प्लुआसला डोंगरात मतं नव्हती. होती ती एक दुखरी दाढ, आणि तीही प्रचाराच्या गाडीत तिलिपांबाच्या चढावरच उठली. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत घेतलं. दाढ काढता काढता ते स्वभावाप्रमाणे पाणी, रस्ता आणि दुधाचा भाव यांवर बोलत राहिले. प्लुआसचं तोंड उघडं आणि भरलेलं असल्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच त्याला दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं लागलं. तो फार प्रभावित झाला.

त्याचा प्रचारप्रमुख क्लेवेर, किनाऱ्यावरच्या ग्वायाकिल शहरातला एक चकचकीत बुटांचा तरुण, गावात चौकशी करून आला. डॉक्टर एकदा महापौर होते. शत्रू एकही नाही. महापौर असूनही शत्रू नाही हे कसं, असं त्यानं विचारलं, तेव्हा लोकांनी सांगितलं की डॉक्टरांनी त्या काळात काहीच केलं नाही. क्लेवेरनं हे 'निष्कलंक कारकीर्द' असं पुढे कळवलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता डॉक्टरांनी पेपरातून स्वतःचंच नाव वाचून दाखवलं. निधनवार्ता वाचत तशाच आवाजात.

"कोमाद्रे, मला उपराष्ट्रपती करताहेत."

"कशाबद्दल?"

"दाढ न दुखता निघाली, त्याबद्दल असावं."

"हा उपराष्ट्रपती करतो काय?"

"राष्ट्रपती मरायची वाट बघतो, असं म्हणतात. पण प्लुआसची तब्येत ठणठणीत आहे. हिरड्या तर विशेष."

"म्हणजे रिकामं बसायचं. ते इथं बसून होत नाही का?"

"क्विटोला, राजधानीत बसावं लागतं. निवडून आलो तर."

तार्हेलिया हसली आणि कागद खळीत दाबत राहिली, तो पार विरघळून जाईपर्यंत. त्या दिवशी जरा आडवी झाली तर स्वप्नात तिला एक लांबच लांब बोळ दिसला, राजवाड्याचा असावा. दोन्ही बाजूंना दारं. प्रत्येक दार उघडलं की आत कोम्पाद्रे, आणि प्रत्येक ठिकाणी ते एका रिकाम्या खुर्चीला पेपर वाचून दाखवताहेत. जागी झाली तेव्हा वरची तोंडं हलत होती. तिला एवढंच कळलं की ही जोडी निवडून आली तर तिलिपांबात रोज चार वाजतील, आणि त्यांच्याबरोबर कुणी येणार नाही.

गाव मात्र खुशीत होतं. समोरच्या किराणा दुकानाची बेनिग्ना, जिला गावात न घडलेल्या गोष्टीही आधी कळत, गिऱ्हाइकांना समजावून सांगे, "अरे, सणाचा यजमान कधी एकटा असतो का? एकानं बँड आणायचा, दुसऱ्यानं जेवण घालायचं. तो किनाऱ्यावरचा बँड आणील. आपला डॉक्टर जेवण बघेल." चाचणी घेणाऱ्यांनी कळवलं की डोंगरात प्लुआसची मतं वाढली. क्लेवेर खुश झाला, आणि खुश झालेल्या माणसाप्रमाणे त्याला एक कल्पना सुचली.

तो तार्हेलियाकडे आला. दारातच टांगलेल्या दोन माजी राष्ट्रपतींवर त्याचं डोकं आपटलं.

"सेन्योरा, जानेवारीत तुमच्याकडे मुखवट्यांची मिरवणूक निघते ना?"

"निघते."

"यंदा सगळ्या गावानं डॉक्टर विल्यासीसचा चेहरा घालायचा. टीव्ही येईल. अख्खा डोंगर एकाच चेहऱ्यानं चालतोय! कसं वाटतं?"

"कागद पुष्कळ लागेल," तार्हेलिया म्हणाली.

किनाऱ्यावर लोक लाडक्या माणसांचे पुतळे करतात आणि त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. आमच्याकडे मिरवणुकीत ज्याचा मुखवटा घालतात त्याची त्या दिवशी खैर नसते. क्लेवेरला हे कुणी सांगितलं नाही. एवढी मोठी गंमत आयती चालून आलेली असताना ती वाया घालवायला तिलिपांबाचे लोक काही वेडे नाहीत. तार्हेलियानं मात्र सांगायला तोंड उघडलं होतं. मग तिच्या लक्षात आलं की चेहरा करायचा तर कोम्पाद्रेंना समोर बसावं लागेल, रोज, अंधार पडेपर्यंत. तिनं तोंड मिटलं.

वाऱ्यानं माती तडकते म्हणून दार लावलं. डॉक्टर खिडकीजवळ बसले, तिनं शाडूचा गोळा पुढ्यात घेतला. इतकी वर्षं ज्या चेहऱ्याला ती कॉफी देत होती तो आपण नीट बघितलाच नव्हता, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. उजवी भुवई डावीपेक्षा किंचित वर होती, सतत काहीतरी विचारत असल्यासारखी. नाकाच्या बाजूला एक बारीक खाच होती. माप बोटांनीच घ्यायचं असतं. तिनं अंगठा कपाळावरून फिरवला, मग तोच मातीवरून. एकदा कपाळ, एकदा माती. धुकं खिडकीच्या फटीतून आत येई. कोणता चेहरा गार आणि कोणता ऊन, एवढाच काय तो फरक राही, आणि कधी कधी तोही राहत नसे.

"बोलू का?" डॉक्टर विचारत.

"ओठ हलतात."

"मग काय करू?"

"तसेच बसा. उपराष्ट्रपतीला सवय हवी."

डॉक्टर तसेच बसत. त्यांना ते काम चांगलं जमत होतं.

एका सकाळी ती मीठ आणायला दुकानात गेली, तर बेनिग्नानं मीठ देता देता आवाज खाली आणला.

"तार्हेलिया, तुझ्या मागच्या कुंपणात पिल्लं रडतात म्हणे."

"कसली?"

"पांढरी. मांजराएवढी. तान्ह्या बाळासारखी रडतात."

"मांजर व्यालं असेल कुणाचं."

"मांजर भुंकतं होय गं?"

दुकानातल्या दोघी बायका साबण बघायला लागल्या. साबण बघण्यासारखा नव्हता.

तार्हेलिया मीठ घेऊन घरी आली. गागोन काय असतात हे तिला कुणी सांगायला नको होतं; तिच्या आजीनं स्वतः बघितले होते, निदान आजी तसं म्हणे. कोम्पाद्रे-कोमाद्रेनं मर्यादा ओलांडली की त्यांचं पाप पिल्लांचं रूप घेऊन घराभोवती रडत फिरतं. त्या पिल्लाला पकडावं, त्याच्या कपाळाला काजळी फासावी. दुसऱ्या दिवशी ज्याचं पाप त्याच्या कपाळावर ती काजळी उमटते. पुरावा म्हणून आमच्या डोंगरात यापलीकडे काही लागत नाही.

तिनं मागे जाऊन कुंपण बघितलं. निवडुंग होता, एक फुटकी बादली होती. धुक्यात काहीतरी पांढरं हललं, पण धुक्यात सगळंच पांढरं हलतं.

पुढचा घोटाळा भुवयांमुळे झाला. भुवयांचा काळा रंग ती चुलीच्या काजळीत तेल घालून स्वतः करी. विकतचा काळा तिला निळसर वाटे. पहिला मुखवटा रंगवून होत आला होता. उजवी भुवई नेमकी किती वर, हे बघायला तिनं डॉक्टरांच्या कपाळावर अंगठा टेकवला. तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. चौकात प्लुआसची सभा होती. डॉक्टर घाईनं उठले, टोपी विसरले आणि गेले.

थोड्या वेळानं चौकातल्या कर्ण्याचा आवाज बंद पडला. सभेत कर्णा बिघडणं नेहमीचं, म्हणून तार्हेलिया कामात राहिली. पण कर्णा बिघडला नव्हता. मंचावर प्लुआसनं डॉक्टरांचा हात धरून वर उचलला होता, आणि सगळ्या तिलिपांबाला डॉक्टरांच्या कपाळाच्या बरोबर मध्ये अंगठ्याएवढा काळा डाग दिसला होता. म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढले. प्लुआसलाही डाग दिसला. तो मनानं मोठा होता. त्यानं खिशातला रुमाल काढून सगळ्यांदेखत डॉक्टरांचं कपाळ पुसलं. तेलातली काजळी पुसली जात नाही, पसरते.

मिरवणुकीच्या दिवशी तार्हेलिया दारात उभी राहिली. धुकं नेहमीपेक्षा लवकर आलं होतं. त्यातून आधी बँड ऐकू आला, मग चेहरे दिसायला लागले. कोम्पाद्रे येत होते. घागऱ्यातले कोम्पाद्रे, कांबळं पांघरलेले कोम्पाद्रे, बापाच्या खांद्यावर बसलेले एवढेसे कोम्पाद्रे. गल्ली भरून तिनं स्वतःच्या हातानं केलेला तो एकच चेहरा नाचत येत होता, भुवई जराशी वर. आणि प्रत्येकाच्या कपाळावर, बोटानं ओढलेला, काळा ठिपका. ते तिच्या दारापुढे थांबले आणि बाळासारखे रडू लागले. मग खो खो हसले आणि पुढे गेले. तिला राग यायला हवा होता. पण इतके सगळे कोम्पाद्रे एकदम दाराशी आलेले पाहून तिला वाटलं, हे सगळे आत आले तर खुर्च्या कुठून आणू?

टीव्हीनं ते सगळं दाखवलं. डोंगरातली मतं चढली होती त्याहून वेगानं उतरली. किनाऱ्यावर मात्र उलटं झालं. तिथं गागोन कुणाला माहीत नाहीत. तिथल्या लोकांनी कपाळावरचे काळे ठिपके पाहिले आणि ठरवलं की हे राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कपाळाला राख लावतात तसं काहीतरी असणार. डोंगरावरची माणसं मोठी देवभोळी, आणि हा विल्यासीस तर संतच. किनाऱ्यावरची मतं वाढली.

क्लेवेर पुन्हा आला. या वेळी कॅमेरा घेऊन, आणि मान वाकवून.

"डॉक्टर आता मतदान होईपर्यंत इथं येणार नाहीत, सेन्योरा. मी त्यांना क्विटोच्या हॉटेलात ठेवलंय."

"जेवतात का?"

"अं? जेवतात. हे बघा, एकच वाक्य हवंय. मरियामातेच्या तसबिरीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, माझ्यात आणि डॉक्टरांत काही नाही. डोंगर परत आपला."

"एवढंच ना?" तार्हेलिया म्हणाली. तिला खरोखर ते सोपं वाटलं होतं. त्यांच्यात होतं काय? कॉफी होती. मक्याची हुमिता असे कधी कधी, पानात वाफवलेली. इतक्या वर्षांत त्यांचा हात तिच्या हाताला लागला असेल तो कप देताघेताना.

कॅमेऱ्याचा दिवा लागला. तिनं तसबिरीवर हात ठेवला. मरियामातेशी ती आजवर एक वयाची बाब सोडली तर खोटं बोलली नव्हती. तिनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले, आणि तिथंच बसले, उतरेनात. वर टांगलेली सगळी तोंडंही उघडीच होती. तिच्या अंगठ्याला अजून ते कपाळ लागत होतं, ऊन आणि मधोमध किंचित खोलगट. तिनं हात हळूच काढून घेतला.

"खळ उतू जातेय वाटतं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

चुलीवर काहीच नव्हतं. ती चुलीपुढे उभी राहिली. क्लेवेर मागून आला, त्यानंही रिकामी चूल बघितली.

"सेन्योरा, आहे म्हणा नाहीतर नाही म्हणा. हे मधलं काय?"

"मधलं तेच खरं आहे, पोरा. मला तरी कुठं माहीत होतं? आत्ता तुझ्याबरोबरच कळलं."

त्यानं कॅमेरा बंद केला. तो वाईट मुलगा नव्हता. जाताना या वेळी राष्ट्रपतींना धक्का लागू नये म्हणून वाकला, आणि एका गव्हर्नरवर आपटला.

ती बोलली नाही, हे बेनिग्नाला कळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गावाला कळलं. रविवारी स्पेनहून मारिबेलचा फोन आला.

"आई, इथं मुर्सियात बायका मला विचारताहेत. काय चाललंय तुझं?"

"काही नाही. कागद वाळत नाहीये, दमट हवा आहे."

"माझ्या धर्मपित्याबद्दल विचारतेय मी."

"ते इथं नाहीत."

 मग मारिबेल म्हणाली, "आई, तू स्वेटर घालतेस ना?" आणि तार्हेलियाला वाटलं, मुलगी शहाणी निघाली.

उपराष्ट्रपतिपदाच्या उमेदवारांची टीव्हीवर चर्चा झाली तेव्हा निम्मं गाव बेनिग्नाच्या दुकानात होतं. तार्हेलियाही गेली. तिला बसायला कुणीतरी पोतं मोकळं करून दिलं. गावात बोलतात काहीही, पण बसायला जागा देतात. डॉक्टर पडद्यावर लहान दिसत होते आणि त्यांना कुणीतरी पावडर लावली होती. दूध, रस्ता, पाणी झालं. मग निवेदिका म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या कोमाद्रेबद्दल लोक जे बोलतात त्यात काही तथ्य आहे का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. दुकानात बरणीत घातलेला बेनिग्नाचा हात बरणीतच राहिला.

"मी त्यांच्याकडे रोज कॉफी प्यायचो," डॉक्टर म्हणाले. "सध्या पीत नाही. मला ते फार जड जातंय."

निवेदिकेनं घाईनं जाहिरात लावायला सांगितली.

"आता हे हो झालं का नाही झालं?" बेनिग्नानं विचारलं.  तार्हेलिया पोत्यावर बसून पडद्याकडे बघत होती. पडद्यावर आता साबणाची जाहिरात होती, पण ती तशीच बघत राहिली. बाहेर पडली तेव्हा धुक्यात तिचे पाय तिला दिसत नव्हते, आणि आपण चाललोय की आपल्याला कुणी नेतंय हे तिला घर येईपर्यंत समजलं नाही.

डोंगरातली मतं आणखी पडली. ग्वायाकिलमध्ये मात्र मासळीबाजारातल्या बायका त्या उत्तरावर रडल्या आणि मतं आणखी वाढली. चाचणीवाल्यांनी सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून क्लेवेरला कळवलं: उपराष्ट्रपतीच्या उमेदवारामुळे पडलेला एकूण फरक, शून्याच्या आसपास. प्लुआसनं ते वाचलं आणि गालाच्या आतून जीभ फिरवत म्हणाला म्हणे, "मग ती दाढ ठेवली असती तरी चाललं असतं."

मतदानाच्या दिवशी बायकांची रांग शाळेच्या डाव्या बाजूला होती. तार्हेलिया पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. मतपत्रिकेवर प्लुआस हसत होता. शेजारी कोम्पाद्रे, भुवई जराशी वर. तिला प्लुआस आवडत नव्हता. त्याला नको म्हणणं सोपं होतं, आणि तीच रेघ दुसरीकडे ओढली की क्विटोचा तो लांब बोळही मिटत होता. एवढंसं पेन. तिनं ते धरून ठेवलं. मंचावर हात वर केला तेव्हा कोम्पाद्रे किती ताठ उभे होते, असं लोक सांगत. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं तिनं ऐकलं नव्हतं; साखरेचा दुसरा चमचा हवा का, हेही तिलाच विचारावं लागे. हे एक त्यांना हवं होतं. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "आजी, झोपलात का?" तिनं रेघ ओढली, दोन्ही चेहऱ्यांच्या खालून, त्यांच्या बाजूनं. हात कामाचा होता, त्यामुळे रेघ सरळ आली. मग आपण कोम्पाद्रेंना आपल्या हातानं गाडीत बसवून दिलं, असं वाटून ती शाळेच्या भिंतीला जरा टेकली.

प्लुआस तिसरा आला. शेवटच्या आठवड्यात त्याच्या तोंडून स्वयंपाकाच्या गॅसचे भाव वाढवावे लागतील, असं एक खरं वाक्य निसटलं होतं. डोंगर आणि किनारा या एका मुद्द्यावर तरी एक झाले. टीव्हीवरच्या एका विद्वानानं विल्यासीसनं प्लुआसला कसं बुडवलं हे तक्त्यावर दाखवलं. दुसऱ्या विद्वानानं, विल्यासीस नसता तर प्लुआस पाचवा आला असता, हे त्याहून मोठ्या तक्त्यावर दाखवलं. तिलिपांबात त्या जोडीला इतकी थोडी मतं पडली की लोक एकमेकांकडे संशयानं बघू लागले: दिली कुणी?

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, क्विटोच्या बसमधून डॉक्टर उतरले. चौक बटाट्यांनी आणि माणसांनी भरलेला. त्यांच्या हातात बॅग होती. लोकांना वाटलं, घरी जातील. ते बटाट्यांच्या ढिगांमधून वाट काढत सरळ तार्हेलियाच्या दारापुढे येऊन उभे राहिले, उन्हात, सगळ्यांना दिसतील असे. समोर बेनिग्ना झाडू घेऊन बाहेर आली आणि झाडलेली जागा पुन्हा झाडू लागली.

तार्हेलिया दारात आली. हात खळीनं भरलेले.

"हरलो," डॉक्टर म्हणाले.

"ऐकलं. मी दिलं होतं मत."

"तुम्ही? म्हणजे मला क्विटोला घालवायला निघाल्या होतात?"

"तुम्हाला जायचं होतं ना?"

"होतं," डॉक्टर म्हणाले. ते विचार करून बोलत होते. "पंधरा दिवस होतं. मग त्या हॉटेलात रोज चार वाजायला लागले."

बाजारात कुणी भाव करत नव्हतं.

"मी तिथं बिशपांच्या कचेरीत जाऊन विचारलं," डॉक्टर थोडं वाकून म्हणाले. "कोम्पाद्रे-कोमाद्रेच्या लग्नावरची बंदी रोमनं केव्हाच उठवलीय. माझे आजोबा होते तेव्हा."

"रोमला काय जातंय? रोमच्या समोर बेनिग्नाचं दुकान नाही."

"नाही," डॉक्टरांनी कबूल केलं. "ते मी त्यांना सांगितलं." मग त्यांनी बॅग खाली ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दातांऐवजी डोळ्यांकडे बघत म्हणाले, "तार्हेलिया."

कोमाद्रे म्हणाले नाहीत. चौकातल्या प्रत्येकानं ते ऐकलं; जे ऐकायला फार लांब होते त्यांना लगेच सांगण्यात आलं. तार्हेलिया उभी होती. बोटांवरची खळ वाळून ताणली जात होती. ऊन अंगावर होतं, पायाशी धुक्याचा एक पट्टा कुठून तरी आला होता, आणि तिला वाटलं, आता कुणी काही बोललं तर आपण जागे होऊ. कुणी बोललं नाही. म्हणजे हे असंच होतं.

"किती वेळ उभा राहणार आहेस?" ती म्हणाली. "आत ये, एउदोरो. बॅग घे, लोक तुडवतील."

डॉक्टर आत गेले. ती दार तसंच ठेवून वळली, तेवढ्यात रस्त्यापलीकडून बेनिग्नाची हाक आली.

"तार्हेलिया! अंडी आलीत ताजी. पाठवू का?"

तार्हेलियानं गावाकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"पाठव," ती म्हणाली. "आणि जास्त पाठव. उद्यापासून न्याहारीला दोघं आहोत."